एक मोकळी ओळ

—न्हाय न्हाय, तंबाखू न्हाय, मामा. सुपारीबी न्हाय. त्या बाबतीत बिनघोर राहा. तुमी बसा आधी — ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतोय, ती गोकुळची हाय, त्याला सवय हाय — ही घ्या, ही अविराजसरांचीच. बसा की. भाचीसाठी नवरा बघायला निघालाय, मग त्याची खुर्ची तरी बघून घ्या. मामा म्हणलं तर चालंल ना? मुलीचे मामा ते सगळ्यांचेच मामा. नरसिंहपूरवरनं आलाय म्हंजे पार संगमावरनं, एसट्या बदलत — थांबा, जिन्यातल्या माठातलं पाणी आणते — हं, घ्या, चहा सांगितलाय. आन दिवस बरोबर साधलात बघा. सर आज न्हायत, इंदापूरकडं गेलेत, एका डेअरीत नवीन मशीन बसवायचं हाय. चौकशीला यावं तर असं, माणूस नसताना. आमाला तोंड भरून बोलता येतं. पण एक कळंना मला — खाली ठिबकच्या पाइपांचं दुकान हाय ते महिपतरावांचं, ते आमचे मालक, त्यांना न्हाय विचारलंत. दारात गोकुळ बसलाय, त्याला न्हाय. सरळ जिना चढून 'योगिनी कोण' म्हणून माझ्याच टेबलापाशी. असू द्या, बाईमाणूस खरं बोलंल असं वाटलं असंल. बोलते की. विचारा तुमी.

काम? काम म्हंजे — आता कसं सांगू. गावोगावच्या डेअरीत दूध घातलं की चिठ्ठी निघती बघा, लिटर किती, फॅट किती, दर काय — ती चिठ्ठी काढणारं सॉफ्टवेअर आमी करतो. हितंच, ह्या खोलीत. महिपतरावांना एकदा हौस आली, पाइपांच्या वर कॉम्प्युटर मांडले. पहिल्यापासून आमी तिघं, गोकुळ, यशराज आन मी. आन तिघांचे तीन पंथ. सॉफ्टवेअर म्हंजे शेवटी लिहिणंच असतं, मामा. कॉम्प्युटरला सूचना लिहून द्यायच्या, हे आलं तर असं कर, ते आलं तर तसं कर. त्या लिहिण्याला आमी कोड म्हणतो. आता गोकुळ लिहायचा तर घरच्या म्हशींची नावं देऊन. दुधाची बेरीज ठेवायची त्या जागेचं नाव काय, तर चंद्री. कपातीला मोरणी. का, तर म्हणायचा, माझ्या ध्यानात राहतं. यशराजचं उलटं. त्याची सगळी नावं एका अक्षराची आन सगळा कारभार एकाच ओळीत, वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा न्हाय. आन मी? माझं चांगलं होतं. न्हाय, खरंच चांगलं होतं. फक्त मला समजावून सांगायची हौस जास्त, जागोजागी टिपा लिहून ठेवायची, इतक्या की टिपांतनं कोड हुडकावा लागायचा. यशराज म्हणायचा योगिनीचा कोड म्हंजे सासरी जाणाऱ्या पोरीला आईनं केलेला उपदेश. म्हणू दे.

मग ते गाय-म्हशीचं झालं. ऐकलं न्हाय तुमी? बरं झालं. गोकुळनं त्याच्या भागात गाय म्हंजे एक आन म्हैस म्हंजे दोन असं धरलेलं. यशराजनं त्याच्या भागात म्हैस एक, गाय दोन. आपापल्या जागी दोघांचंबी बरोबर. कुणी कुणाचं वाचतच नव्हतं — वाचणार कसं, ह्याला त्याचं अक्षर कळंना आन त्याला ह्याची चंद्री कळंना. दोन्ही भाग एकत्र जोडले आन एका गावातल्या सगळ्या गायी म्हशी झाल्या. गायवाल्यांना म्हशीचा दर, म्हशीवाल्यांना गायीचा. आता गायवाले काय बोलतील? गप. चिठ्ठी खिशात घालायची आन गप. एकानं तर गायीला हार घालून फोटो काढला. म्हशीवाल्यांनी मात्र डेअरीला कुलूप घातलं आन महिपतरावांना फोन लावला. ते फोनवर काय बोलले ते तुमाला सांगण्यासारखं न्हाय, तुमी पाहुणे. फोन ठेवला, वर आले, आमच्या तिघांकडं बघितलं आन म्हणले, तुमच्यापेक्षा माझे पाइप बरे, एका मापाचे असत्यात.

त्याच्यानंतर आले अविराजसर. पुण्याला, हिंजवडीला मोठ्या कंपनीत होते, आई एकटी पडली, शेत बघायला कोण न्हाय म्हणून परत आले, हे तुमाला ठाऊकच असंल. आमाला वाटलं आता हे पुण्याचे साहेब येणार आन आमच्या उरावर बसणार. यशराजनं तर राजीनामा लिहून तयार ठेवलेला. पण हा माणूस आला, कोपऱ्यात बसला आन नुसता वाचत बसला. आमचं सगळं. चंद्रीपासून. मधेच एकटाच हसायचा. मला राहवंना, मी म्हणलं काय हसताय, तर म्हणला, मोरणी बिघडली तर काय करायचं ते लिहिलंय हितं. म्हणलं, काय करायचं? तर म्हणला, 'परत चंद्रीकडे जा.' आन दोघंबी हसलो. न्हाय, म्हंजे सगळेच हसले असतील. मला आमचं आठवतंय.

तर सांगत काय होते — शिस्तीचं. तुमी विचाराल माणूस शिस्तीचा हाय का, तर हाय. पण दटावून न्हाय. सगळ्यांना घेऊन बसला आन म्हणला, नियम मी सांगणार न्हाय, तुमी ठरवा, मी फक्त फळ्यावर लिहितो. झालं! कंस ओळीच्या शेवटी उघडायचा का खालच्या ओळीवर — तुमाला हसू येतंय, पण त्यावरनं गोकुळ आन यशराज असे भांडले की खालनं महिपतराव पळत वर आले, त्यांना वाटलं बांधाचं काय निघालं. शेवटी नाणं उडवलं. गोकुळ हरला आन रुसून बसला. मग ह्यानं काय करावं? रुसलेल्या माणसालाच म्हणला, कुठल्या गोष्टीला कोडमधी काय नाव द्यायचं ते ठरवायचं काम तुमचं, डेअरीतलं तुमच्याइतकं कुणाला कळत न्हाय. आता बघा तो दारातला गोकुळ. आता तोच मला ओरडतो, हे नाव कुठनं आणलंस, ठरलेलं का वापरत न्हाईस म्हणून. चंद्री गेली. घरी हाय हो, म्हैस घरी हाय. कोडमधनं गेली.

आन मला विचारलं, योगिनीमॅडम, तुमचा काय नियम? सगळे माझ्याकडं बघायला लागलेले. मी म्हणलं, एक काम संपलं की दुसरं सुरू करायच्या आधी एक ओळ मोकळी सोडायची. वाचणाऱ्याला जरा थांबता आलं पाहिजे. त्यानं लगेच लिहिलं न्हाय. खडू हातात धरून माझ्याकडं बघितलं — बघितलं म्हंजे बघितलं, तसं काय न्हाय — आन मग लिहिलं आन पुढं माझं नाव घातलं. फळ्यावर अजून हाय, ते बघा खिडकीपाशी. पुसट झालंय. झाडायला येती तिला सांगून ठेवलंय मी, तेवढ्या कोपऱ्याला फडकं लावायचं न्हाय म्हणून. आता नियम हायत म्हणल्यावर दिसायला नकोत का?

शेवटचा नियम त्याचा. आपलं आपण पास करायचं न्हाय. कुणी काहीबी लिहिलं की ते आधी दुसऱ्याकडं वाचायला जाणार. दुसऱ्यानं वाचून हो म्हणलं तरच पुढं, डेअरीपर्यंत. न्हाय म्हणलं तर माघारी. आन नुसतं न्हाय म्हणून भागत न्हाय, कारण लिहावं लागतं. मग लिहिणारा कुणीबी असो, नवा, जुना, साहेब. जोड्या लावल्या — गोकुळला आन यशराजला एका दावणीला बांधलं, भांडायचं तर तितंच भांडू देत म्हणून. उरलो आमी दोघं. माझं तो वाचणार, त्याचं मी. तसं त्याच्यात वाचण्यासारखं काय नसायचं, म्हंजे चूक नसायची. आजवर त्याचं मी एकबी माघारी पाठवलं न्हाय. पण वाचायची मी सगळं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. काहीवेळा परत एकदा.

माझं मात्र माघारी आलं. पहिलंच. वाचताना ज्या ओळीवर काय म्हणायचं असतं तितं शेजारी शेरा लिहायचा असतो, तर त्यानं लिहिलं, 'कृपया इथे एक ओळ मोकळी सोडावी. नियम आपलाच आहे.' आपलाच! अहो, शेजारी बसतो माणूस, ही खुर्ची आन ही माझी, हात लांब केला तर लागंल — पण तोंडानं बोलायचं न्हाय, लिहायचं. आन लिहायचं तेबी पुस्तकी, कृपया-बिपया लावून. मला इतकं हसू आलं की पदर — ओढणी तोंडावर धरली. दुसऱ्या दिवशी परत माझी ओळ राहिली. विसरले. माणूस विसरतं की. परत शेरा — 'पुन्हा एकदा ओळ राहिली. नियम करणाऱ्यांनीच असे केले तर आम्ही काय करावे?' तिसऱ्या वेळी — बरं, न्हाय विसरले. मुद्दाम न्हाय सोडली. झालं समाधान? काय वाईट होतं त्यात, कुणाची गाय म्हैस होत नव्हती त्यानं. आन एकदा काय लिहिलं ठाऊक हाय, 'आज टीप एकही नाही. प्रकृती ठीक आहे ना?' खरंच ताप होता मला त्या दिवशी. नुसतं लिहिणं बघून कळलं. आमच्या घरी मी डोक्याला फडकं बांधून बसले तरी म्हणत्यात, भाकरी थापून झाली का.

चहा कसा आला न्हाय अजून. — व्हय, सांगते ना, स्वभावाचंच सांगतेय.

मग यशराजनं ते टूल आणलं. टूल म्हंजे काय, तुमी कसंबी लिहा, वाकडं लिहा, दाटीवाटीनं लिहा, बटण दाबलं की सगळं आपोआप नियमात. कंस जागेवर, ओळी सरळ, मोकळी ओळ पाहिजे तितं मोकळी. सगळे खूश. भांडायला कारणच न्हाय उरलं. मी एकटीच आडवी आले. काय काय बोलले मी त्या दिवशी! म्हणलं आळशी व्हाल, म्हणलं मशीनवर भरवसा न्हाय, म्हणलं सगळ्यांचं सारखं दिसायला लागलं तर कुणाचं कुठलं ते कळणार कसं. शेवटी अविराजसरांच्या आज्याला मधी घेतलं. त्यांचं घर मूळचं मेंढरांचं, तुमाला सांगायला नको. म्हस्कू आजा दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाकडं उतरायचा, हे तोच सांगतो जेवताना. म्हणलं, तुमच्या आज्यानं मेंढराच्या कानाला खूण केलीच ना, आपलं आपल्याला ओळखू यावं म्हणून? मग आमच्या लिहिण्याला आमची खूण का नको? तर काय म्हणला — खूण मेंढराला असती, योगिनी. वाट सगळ्या कळपाची एकच. योगिनी म्हणला. मॅडम न्हाय म्हणला. ते मला घरी गेल्यावर, भाजी चिरताना ध्यानात आलं. तवर इकडं सगळ्यांचे हात वर होऊन टूल बसलंबी होतं.

आन शेरे बंद. बंदच की. काय लिहिणार बिचारा, सगळं बरोबरच असतं. आता नुसता 'हो' येतो, एक हिरवी खूण. सकाळी हिरवी खूण, दुपारी हिरवी खूण. मी वाटंल तशी लिहिते हो, ओळीला ओळ चिकटवून लिहिते, पण त्याच्यापर्यंत पोचायच्या आत ते टूल सगळं सरळ करून टाकतं. गोकुळ म्हणतो योगिनीला शिस्त नको असती. मला शिस्त नको? फळ्यावर माझा नियम हाय! मला शिस्त पाहिजे, मला फक्त त्याचा तो शेरा—

जाऊ द्या. कामातलं कामातच राहू दे. तुमी लिहून घ्या, मुलगा निर्व्यसनी, स्वभाव चांगला, आईला धरून राहणारा, राग न्हाय, पगार तेवढा मी सांगणार न्हाय, तो महिपतरावांना विचारा. आता तुमची चौकशी झाली की मग पत्रिका-बित्रिका, बघाबघी, त्याला अजून वेळ असंल — काय? रविवारी? ह्या येत्या? अविराज येणार हाय, तुमच्याकडं? पोहे खायला? म्हंजे ठरलंयच की सगळं. न्हाय, मला न्हाय ठाऊक. मला कशाला बोलंल तो. काल संध्याकाळी हितंच होता, वायरी गुंडाळत होता, मी शेजारी उभी राहून टोक धरलेलं. बोलला न्हाय. म्हणलं उद्या ऊन हाय, टोपी घेऊन जा, तर म्हणला हो. एवढंच. टोपीचं 'हो' म्हणला आन रविवारचं—

बरं हाय. चांगलं हाय. मग आता दुसरी बाजूबी ऐका, मामा, चौकशी म्हंजे दोन्ही बाजू आल्या. मी आपलं चांगलंच सांगत सुटले. बोलत न्हाय तो. तुमच्या भाचीला बोलणारा नवरा पाहिजे असंल तर आधीच सांगते, ह्याच्या तोंडातनं शब्द काढायचा म्हंजे आडातनं बादली ओढायची. आन टोपी घालणार न्हाय. हो म्हणंल आन घालणार न्हाय. डबा उघडला की चटणी डावीकडंच पाहिजे, भाजीला लागली तर खाईल, पण बघत बसंल. आन चपला! जिन्यात बघितल्यात का तुमी? सगळ्यांच्या चपला जोडीनं, टाचा भिंतीला. आमच्या चपला हा सरळ करून ठेवतो. येताना जाताना. कुणी सांगितलंय? यशराजला एकदा पोलीस मागं लागल्यागत घाई होती, त्यालाबी आपली चप्पल ओळखू आली न्हाय इतकी सरळ ठेवलेली. असल्या माणसाबरोबर घर करायचं म्हंजे सोपं हाय का? आन अजून एक. मशीन बिघडलं की सगळ्या जगात पडद्यावर 'एरर' येतं. ह्यानं काय लिहिलंय, 'जरा थांबा, दूध नासत नाही.' हे काय लिहिणं झालं? पण डेअरीतली माणसं ते वाचून हसत्यात आन थांबत्यात. रांगेत शिव्या देणारी माणसं, मामा, थांबत्यात. टूलनं सगळं सारखं केलं, पण ते वाक्य काय त्याला सरळ करता आलं न्हाय. अजूनबी कुठल्या कोपऱ्यात असलं काय दिसलं की मला नाव बघावं लागत न्हाय. कळतं, हे अविचं — अविराजसरांचं.

दोषच सांगतेय. मग हे काय दोष न्हायत?

फोटो हाय? दाखवा की. ... छान हाय. न्हाय, खरंच छान हाय. हसरी हाय. सुकन्या, न्हाय का? फार्मसी केलंय, व्हय. मला वाटलं जरा — काय न्हाय वाटलं. ठेवा तुमी फोटो, डाग पडंल हाताचा.

माझं? माझं कुठलं लग्न, मामा. बघत्यात. आमी पिंपळीचे, मळ्यातली माणसं, वांगी, टोमॅटो, थोडी पेरूची बाग. अण्णांना जावई मळेवालाच पाहिजे, आपल्यातला. मेंढरामागच्या घरात पोरगी द्यायची म्हणलं तर ते — राग मानू नका, तुमीबी त्याच घरातले, मी आपले अण्णांचे शब्द सांगितले. आन तेबी अजून बोलले न्हायत, मीच मनात बोलवून बघते त्यांना. विषयच निघाला न्हाय तर बोलणार काय? काढणार कोण विषय? मी? का तो, जो तुमच्याकडं रविवारी पोहे खाणार हाय? आमच्यात तसं काय झालेलंच न्हाय, मामा. कुणी विचारलं तर दाखवायला काय हाय माझ्याकडं? एक मोकळी ओळ.

एक विचारू का? मघापासनं विचारीन म्हणतेय. महिपतरावांना सोडून, गोकुळला ओलांडून तुमी माझ्याकडं आलात. माझं नाव तुमाला कुणी दिलं? — कोण? — अविराजनं? स्वतः? आन आजच जा म्हणला, तो नसताना? न्हाय, थांबा. थांबा जरा. नेमकं काय म्हणला? तसं न्हाय, तुमच्या शब्दांत न्हाय, त्याच्या. फोनवर बोलला का समोर? फोनवर. मग आठवा की मामा, तुमी एवढे लांबनं आलाय, जसंच्या तसं सांगा.

'चौकशी योगिनीकडं करा. ती हो म्हणली तर रविवारी येतो. तिच्या होशिवाय माझं पुढं जात न्हाय.'

योगिनीमॅडमकडं म्हणला का योगिनीकडं? — योगिनीकडं.

न्हाय, पाणी नको मला. तुमाला वाटलं असंल काहीतरी ऑफिसचं बोलतोय. वाटणारच. दुसऱ्या कुणालाबी तसंच वाटलं असतं, आमच्या गोकुळलाबी कळलं नसतं. मला आत्ता कळलं, आन तेबी एवढी बडबड करून झाल्यावर. अहो, शेजारी बसतो! हात लांब केला तर लागतो! काल वायरीचं एक टोक त्याच्या हातात होतं आन दुसरं माझ्या, आन ह्यानं काय करावं, स्वतःचं लग्न माझ्याकडं वाचायला पाठवलं. नरसिंहपूरवरनं. एसटीनं. सोबत पाहुणा देऊन! एवढा कसला घाबरट माणूस, मामा. एवढा कसला — आन मी बसले हितं चटणी डावीकडं आन भाजी उजवीकडं सांगत. मी 'हो' म्हणले असते म्हंजे? निर्व्यसनी लिहून घ्या म्हणून तुमाला वाटंला लावलं असतं म्हंजे? जवळजवळ लावलंच होतं की.

न्हाय, मामा. माझं 'न्हाय'.

हे न्हाय पास करत मी. तुमच्या सुकन्यात काडीचं कमी न्हाय, देवाशपथ सांगते, तिला ह्याच्यापेक्षा बोलका मिळंल, टोपी घालणारा मिळंल. तुमची फेरी फुकट गेली, त्याबद्दल त्याला मी चांगली सुनावते, ते माझ्याकडं लागलं. पण हा न्हाय. हा मला पाहिजे. — बघा, म्हणले एकदाची. ज्याला म्हणायचं त्याला सोडून त्याच्या खुर्चीला म्हणले.

कारण? व्हय की, नुसतं न्हाय म्हणून कसं भागंल, नियमच हाय तो. लिहिते ना. आत्ता लिहिते, तुमी जिना उतरायच्या आत पोचंल त्याला इंदापूरला. पुस्तकीच लिहीन, त्याच्यासारखं, कृपया लावून. वर रविवारच्या पोह्यांचं लिहीन, मग एक ओळ मोकळी सोडीन, आन खाली विचारीन की अण्णांना भेटायला पिंपळीला कधी येताय. — हसू नका. खरंच हसू नका, मामा, मला आता लिहायचंय. चहा आता खाली महिपतरावांच्या दुकानात घ्या, त्यांचा बरा असतो. तुमच्या चपला जिन्यात सरळ ठेवलेल्या दिसतील, टाचा भिंतीला. त्यानं न्हाय हो, तो कुठं हाय हितं. मघाशी पाणी आणायला गेले तेव्हा मीच ठेवल्यात. या तुमी आता.